गोळीवरचा चहा

आपल्या अंगात रक्त कमी आहे हे ऐकून सुगत तांबेला इतका आनंद झाला, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून त्याने रुमालाने तोंड पुसलं.

डॉ. अल्तमश मुकादम रिपोर्ट वाचून दाखवत होते. हिमोग्लोबिन कमी, लोहाचा साठा जवळजवळ संपलेला, व्हिटॅमिन डी तळाला आणि बी-ट्वेल्व्ह त्याच्याही खाली. अशा अंगावर वजन कमी करायचं ऑपरेशन करणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पोट लहान केल्यावर हे सगळं अन्नातून आणखीनच कमी मिळतं. तेव्हा आधी भरपाई, मग ऑपरेशन. दोन-तीन महिने तरी धरून चाला.

"एवढं खाऊनसुद्धा कमी?" शेजारी बसलेल्या त्याच्या बायकोने, संघमित्राने विचारलं.

"खाणं भरपूर आणि पोषण नाही, असं खूप जणांचं असतं," डॉक्टर म्हणाले.

सुगतने चेहरा होता होईल तेवढा दुःखी केला आणि मनातल्या मनात आपल्या रक्ताचे आभार मानले. आजवर त्याच्या शरीराने त्याला गुडघेदुखी, शुगर आणि जिन्यात लागणारी धाप यांशिवाय काही दिलं नव्हतं. ऐन वेळी धावून आलं ते हे पहिल्यांदाच.

सुगत उरणजवळच्या एका कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. डोक्यावरून क्रेनला लटकलेला अख्खा कंटेनर गेला तरी तो मान वर करत नसे. पण ऑपरेशन म्हटलं की त्याच्या तळव्यांना घाम फुटे. दुखण्याचं त्याला काही वाटत नव्हतं. भीती होती ती भुलेची. झोपवलं आणि पुन्हा जागच आली नाही तर? त्यात यार्डातल्या रोहनने त्याला पनवेलच्या आपल्या एका मावसकाकांची गोष्ट सांगितली होती, जे भूल दिल्यावर उठलेच नाहीत. त्या काकांना मुळात टेम्पोने उडवलं होतं, हा तपशील रोहनला आठवड्याने आठवला. तोवर भीतीने सुगतच्या मनात बिऱ्हाड केलं होतं.

ऑपरेशनचा निर्णय संघमित्राचा. ती नेरूळच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि तिने मांडलेलं गणित घरात कुणी तपासायला जात नसे. सुगत झोपला की मोठ्याने घोरायचा आणि घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचा. घोरणं तिला चालत होतं. त्या गप्प होण्याने ती उठून बसायची आणि पुढचा श्वास येईपर्यंत तशीच बसून राहायची. सुगत एवढंच म्हणाला होता, "बरं, करू." कारण तेवढं म्हटलं की विषय संपायचा.

आहारतज्ज्ञ उज्वला मॅडमनी बराच वेळ खर्च करून काय खावं ते समजावलं. सुगतच्या कानावर त्यातलं काहीही पडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "लोहाची गोळी सकाळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. नंतर दोन तास चहा, कॉफी, दूध बंद. गोळीवर चहा प्यायलात तर गोळी घेऊन न घेतल्यासारखीच."

हे मात्र सुगतने जिवाचा कान करून ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून उलव्याच्या त्या फ्लॅटमध्ये नवा परिपाठ सुरू झाला. सकाळी संघमित्रा एका हातात गोळी आणि दुसऱ्या हातात लिंबूपाणी घेऊन उभी राहायची. तो गोळी गिळायचा. तेवढ्याने तिचं समाधान होत नसे.

"तोंड उघडा. जीभ वर करा. आता बाजूला."

"मी काय शाळेतला पोरगा हाय का?"

"शाळेतली पोरं गोळी गिळतात तरी."

मग तो बूट घालून चालायला म्हणून बाहेर पडायचा. चालणं कोपऱ्यावरच्या नामाच्या टपरीपर्यंत. नामा उलवे गावातला आगरी, हात सढळ आणि चहा कडक. सुगत त्याला पावडर थोडी जास्त टाकायला सांगायचा आणि पहिली कटिंग संपली की दुसरी मागायचा. यात फसवणूक आहे असं त्याला अजिबात वाटत नव्हतं. बायकोला दिलेल्या शब्दाप्रमाणे गोळी त्याने गिळली होती. पोटात गेल्यावर गोळीचं आणि चहाचं काय होतं, हा त्या दोघांचा आपसातला मामला होता.

बाकीच्या उपचारांतून मात्र सुटका नव्हती. बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनला संघमित्रा स्वतः दंडाला धरून न्यायची, आणि व्हिटॅमिन डीची पुडी आपल्या डोळ्यांसमोर दुधात ढवळायची. शिवाय घरात लोखंडी कढई आली. पालक, अळीव, काळे मनुके आले, रविवारी कलेजी आली. सुगतने सगळं आनंदाने खाल्लं आणि वर चहा प्यायला.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं. डॉक्टर रिपोर्टकडे बघत राहिले आणि त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. डी वाढलं होतं. बी-ट्वेल्व्ह वाढलं होतं. हिमोग्लोबिन मात्र पहिल्यापेक्षाही खाली गेलं होतं.

"गोळी रोज घेता?"

"रोज," संघमित्राने उत्तर दिलं. "माझ्यासमोर."

"शौचाला काळी होते का?"

"होते," सुगत म्हणाला. निदान एक तरी उत्तर खरं देता आलं, याचं त्याला बरं वाटलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. लोहाच्या गोळीने शौचाला काळी होते हे खरं, पण आत कुठे रक्तस्राव होत असला तरी तसंच होतं. माणूस रोज गोळी घेतो आणि रक्त तरीही उतरतं, म्हणजे ते कुठून तरी बाहेर जातंय, हे शोधायलाच हवं. त्यासाठी दुर्बिणीने तपासणी करू. एक तोंडातून, पोटापर्यंत. आणि एक खालून.

"खालून म्हणजे?" सुगतने विचारलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्यांनी शक्य तितक्या सौम्य शब्दांत सांगितलं, तरी सुगतने खुर्ची मागे सरकवली.

एका ऑपरेशनमधून सुटायला गेलेला माणूस दोन नळ्यांच्या मध्ये सापडला होता. खरं सांगावं तर संघमित्रासमोर सांगावं लागणार. न सांगावं तर खालून. त्याने घसा खाकरला आणि जमेल तेवढ्या अजिजीने आणखी थोडा वेळ मागितला. कधी कधी घाईत लिंबू कमी पिळलं जातं, असं तो म्हणाला. संघमित्राने त्याच्याकडे पाहिलं, पण ती काही बोलली नाही. डॉक्टर नाखुशीनेच तयार झाले. एकच महिना, त्यानंतर नळ्या.

परतीच्या वाटेवर बेलापूरचा सिग्नल लागला आणि तिथे त्याच्या मनात एक विचार आला, त्याने त्याचे हातपाय गार पडले. चहामुळे गोळी लागू पडत नाही, हे त्याला माहीत होतं. पण एवढी? एवढं पालक-कलेजी खाऊनसुद्धा रक्त खाली जावं, एवढी ताकद नामाच्या चहात होती? की खरोखरच आत कुठे रक्त वाहत होतं? तो इतके दिवस डॉक्टरांना फसवत होता आणि त्याचं शरीर त्यालाच फसवत होतं, असं तर नसेल?

आता भीतीला दोन तोंडं फुटली. जेवताना घास घशाखाली उतरेना. यार्डात तो क्रेनखालून जाताना पहिल्यांदाच मान वर करू लागला. पोटात जरा गुरगुरलं की त्याला वाटे, हेच ते. शहानिशा करायचा एकच मार्ग होता, तो म्हणजे गोळी इमानदारीने घेऊन बघायची. रक्त वाढलं तर दोष चहाचा. नाही वाढलं तर दोष सुगतच्या आतड्यांचा.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून ओट्यापाशी गेला आणि अख्खं लिंबू पिळलं. संघमित्रा दारात उभी राहून बघत होती. त्या दिवशी तिने जीभ वर करायला सांगितलं नाही. सुगतने चालायला जाताना रस्ता बदलला आणि टपरी टाळली. खाडीच्या बाजूने तो खरोखरच चालला, आणि धाप लागली तसा घाबरून घरी परतला.

महिना संपला. रक्त वाढलं होतं, चांगलं वाढलं होतं. डॉक्टर खूश झाले. नळ्या रद्द झाल्या. सुगतने इतका मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरचे कागद हलले. आपण मरत नाही आहोत, हे सुख त्याला जेमतेम मिनिटभर लाभलं.

"मग पुढच्या गुरुवारी ऑपरेशन करून टाकू," डॉक्टर म्हणाले.

सुगतने संघमित्राकडे पाहिलं. तिने पदराचं टोक मुठीत धरलं होतं. लागलंच तर रक्त हाताशी असावं म्हणून घरच्या एखाद्याने रक्तदान करून ठेवावं, असं डॉक्टरांनी सुचवलं, तेव्हा ती लगेच उठली आणि खालच्या मजल्यावरच्या रक्तपेढीत गेली. सुगत बाहेरच्या बाकावर तळवे पँटला पुसत बसला.

ती लवकर परत आली. दंडावर पट्टी नव्हती, बोटाला फक्त कापूस होता.

"काय झालं?"

"घेत नाहीत माझं. हिमोग्लोबिन कमी हाय म्हणे."

"किती कमी?"

"तुमचं सुरुवातीला होतं ना, त्याच्याहून."

सुगतला तिचं म्हणणं नीट कळायला वेळ लागला. त्याच्यासाठी पालक निवडणारी, कलेजी वाढताना स्वतःच्या ताटात नुसता रस्सा घेणारी, शाळेतून आली की सोफ्यावर डोळे मिटून पडणारी संघमित्रा. त्याला वाटायचं, पोरांना ओरडून दमते. पुन्हा त्याचे हातपाय गार पडले. पण ही भीती वेगळी होती; तिच्यातून पळून जायला कुठे टपरी नव्हती.

डॉक्टरांनी तिच्या सगळ्या तपासण्या करायला सांगितल्या आणि तिलाही तीच गोळी लिहून दिली. उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर, आणि चहा बंद.

घरी तिला सोडून सुगत थेट नामाकडे गेला. शाळेत जाता-येता ती इथूनच जायची. आधीच बंदोबस्त केलेला बरा.

"नामा, एक सांगायचं होतं. आमच्या मिसेसला गोळी चालू केलीय. ती आली तर चहा द्यायचा नाय. कितीही बोलली तरी नाय."

नामाने चहा गाळता गाळता त्याच्याकडे पाहिलं.

"ता मंग वैनींचा आता सांगताव? वैनी तं रोज येत व्हत्या."

"रोज? कधी?"

"तुमी पिऊन गेलाव का मंग. मना इचारायच्या, सायबांनी घेतली का चाय? मी बोललू, दोन घेतल्या. मंग त्या पन एक घ्यायच्या न् गुपचूप बसायच्या. मधी तुमी येयाचा बंद केलाव, तवा पन आल्या. मी बोललू, सायेब येत नाय आता. त्या दिवशी त्यांनी चाय अर्धीच ठेवली."

सुगत घरी आला. संघमित्रा स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती, समोर गोळ्यांचं नवं पाकीट. तो तिच्यासमोरच्या खुर्चीत बसला.

"तुला माहीत होतं."

तिने मान डोलावली.

"पहिल्यापासून?"

"तुमी चालायला जाऊन घामाशिवाय परत येत होता. मी मागे आले एकदा."

"मग बोलली का नाय? डॉक्टरसमोर का गप्प बसली?"

तिने पाकीट उलटंसुलटं केलं. वर्गात पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणाऱ्या त्या बाईचा आवाज फारच लहान येत होता.

"तुमचा श्वास थांबतो तेव्हा मी मरते. म्हणून ऑपरेशन करा म्हटलं. आणि तारखेचा विचार आला की वाटायचं, त्या टेबलावर काही झालं तर? मीच पाठवलं म्हणून झालं. रोज ठरवायचे, आज तुमाला चहावरून बोलायचं. आणि नामाकडे जाऊन बसायचे. तुमी चहा पीत होता तोवर मी निवांत होते. तुमी लिंबू पिळलं ना, त्या दिवशी माझ्या पोटात गोळा आला."

एवढे दिवस सुगतला वाटत होतं, या घरात आपण एकटेच घाबरट आहोत. त्याला तिची दया आली, तिचा राग आला आणि का कोण जाणे, खूप हलकंही वाटलं.

"आता पुढे ढकलूया का?" तिने हळूच विचारलं. "माझं रक्त वाढेपर्यंत?"

कारण पक्कं होतं. दोन महिन्यांपूर्वी असं कारण मिळालं असतं तर सुगतने नामाला मिठी मारली असती. त्याचे तळवे आताही ओले झाले होते. त्याने ते पँटला पुसले, उठला, फ्रिजमधून लिंबू काढलं आणि दोन ग्लासांत पिळलं.

"गुरुवारी म्हणजे गुरुवारी. मला भीती वाटते, तुला पण वाटते, ती काय औषधाने जायची नाय. तुझी गोळी उद्या सकाळपासून. मी हॉस्पिटलात असलो तरी फोन लावून बघणार."

"काय बघणार?"

"तोंड उघड."

"अहो, अजून गोळी कुठे घेतलीय?"

"सवय नको व्हायला? उघड. जीभ वर कर."

संघमित्राने दाराकडे एकदा पाहिलं, कुणी बघत नाही याची खात्री केली, आणि निमूटपणे जीभ वर केली.