पंचवीस इंची वॉलाय

"रविवारी दुपारी एकच्या आत सहा वॉलाय मासे माझ्या ओट्यावर पाहिजेत," मार्लिस नवऱ्याच्या डब्यात सँडविच कोंबत म्हणाली. "नाहीतर पुढच्या वर्षी मोसम उघडेल तेव्हा तू तळ्यावर नसशील. आईच्या छपराच्या पन्हळी साफ करत असशील."

व्हर्लिन ओडेगार्डने डबा उचलला आणि गळ मोजायला घेतले. आमच्या मिनेसोटात वॉलाय धरायचा मोसम उघडतो तो नेमका मातृदिनाच्या रविवारच्या आदल्या दिवशी, आणि व्हर्लिन दोन्ही दिवस तळ्यावरच. त्यामुळे गेली अकरा वर्षं मातृदिनाच्या जेवणाला जावईबापूंची खुर्ची रिकामी. सासूबाई, म्हणजे आर्डिसबाई, त्या खुर्चीकडे बघून दरवर्षी म्हणत, "मासे पकडतो म्हणे. माझ्या ताटात अजून काटासुद्धा पडला नाही." पकडलेले मासे तळ्याकाठीच तळून फस्त करायची आमच्याकडे रीत आहे, त्याला तो बिचारा काय करणार?

तर रविवारी पहाटेच व्हर्लिनने होडी पाण्यात घातली. फोन घरी ठेवला, कारण तळ्यावर वाजणारा फोन बायकोचाच असतो. पहिलाच गळ टाकला आणि काठी वाकली. पाच मिनिटं झटापट करून त्याने मासा वर घेतला, पट्टीवर ठेवला. चोवीस इंच! असा मासा माणसाला आयुष्यात दोन-तीनदा भेटतो आणि सांगायला म्हातारपणापर्यंत पुरतो. व्हर्लिन होडीत नाचायचाच बाकी होता. मग त्याला नियम आठवला. आमच्या तळ्यात अठरा ते सव्वीस इंचांमधला वॉलाय घरी नेता येत नाही, पाण्यात सोडावा लागतो. खायचे ते लहान.

त्याने जड मनाने मासा सोडला. दुसरा आला तेवीस इंची. तोही सोडला.

"मोठी माणसं नकोत मला आज," तो पाण्यात वाकून म्हणाला. "घरात कुणी लहान असेल तर पाठवा."

चार-पाच तास नुसतेच गेले. साडेअकराला तिसरा आला तो पंचवीस इंची. व्हर्लिनने आयुष्यात एवढा मोठा धरला नव्हता, आणि आज त्याला त्याचा इतका संताप आला की माशासकट हातजाळं डोक्याच्या वर उचलून तो त्याच्यावर खेकसला. हे आमच्याकडे कुणी करत नाही. मासा लागला की मयताला आल्यासारखा चेहरा करायचा आणि जाळं खाली ठेवायचं, नाहीतर आपली जागा अख्ख्या तळ्याला कळते. दोनच मिनिटांत शेजारच्या डेलमर स्वेनिंगची होडी फटफट करत हजर झाली.

"वाईट नाही," डेलमर जाळ्यात बघून म्हणाला. याहून मोठी स्तुती आमच्याकडे नाही.

"तुला काय मिळालं?"

"काही नाही रे. पोरंटोरं." डेलमरने पायाने बादलीवर झाकण सरकवलं.

"किती आहेत?"

"सहा."

"चौदा-चौदा इंचांचे?"

"चिडवतोस काय लेका?"

"डेलमर, मला दे ते. पाया पडतो तुझ्या."

डेलमरने आधी त्याच्याकडे बघितलं, मग जाळ्याकडे. "देतो. पण हा मासा माझा."

"अरे, हा सोडायचाय."

"सोडू की. आधी माझ्या हातात दे आणि माझ्या फोनवर फोटो काढ. पकडला मी, सोडला मी. तू तोंड उघडायचं नाहीस."

अडला हरी, गाढवाचे पाय धरी. व्हर्लिनने आपल्या जन्माची कमाई उचलून डेलमरच्या हातात दिली. वर सवयीने सांगितलंही, "हात जरा पुढे कर, मोठा दिसतो."

एकला दहा कमी असताना सहा मासे मार्लिसच्या ओट्यावर पडले. तिने ते बिस्किटांच्या चुऱ्यात घोळवून लोण्यात खरपूस तळले. सासूबाईंनी एक खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्याकडे हात नेला.

"वाईट नाहीत," त्या म्हणाल्या.

मार्लिस नवऱ्याकडे बघून हसली. पुढचं वर्ष वाचलं. व्हर्लिनला इतका आनंद झाला की त्याने न मागता सासूबाईंना बटाटे वाढले. तेवढ्यात मार्लिसचा फोन टिणकला. चर्चच्या ग्रुपवर डेलमरचा माशाबरोबरचा फोटो आला होता, खाली लिहिलेलं: पंचवीस इंच, पकडून सोडला.

सासूबाईंनी चष्मा लावला. "पंचवीस इंच! आणि सोडूनही दिला. याला म्हणतात मासे धरणारा." मग त्यांनी ताटाकडे पाहिलं. "तुझे जरा लहानच आहेत, नाही?"

"चवीला लहानच बरे असतात, आई."

"मोठे मिळत नाहीत ते असंच म्हणतात. पुढच्या वर्षी डेलमरबरोबर जा, चार गोष्टी शिकशील." त्यांनी फोन पुन्हा जवळ धरला. "फोटो मात्र झकास आलाय हं. कुणी काढला?"

व्हर्लिनने स्वतःच्या ताटात बटाटे वाढून घेतले. "मी."

"बघ मार्लिस," सासूबाई मनापासून खूश होऊन म्हणाल्या, "मी म्हणत नव्हते, याच्यातही काहीतरी गुण असेल म्हणून?"