जाधवभाऊंची थप्पी

तीन सप्टेंबर. गोदामातले आमरसाचे डबे पुसून त्यांना लेबलं लावायचं काम काढलं होतं. चौघी बायका आणि मी सकाळपासून त्यालाच लागलो होतो. जाधवभाऊंचं मात्र नेहमीचं चाललं होतं. म्हणजे, उजव्या पायातली चपल काढून, डब्यांच्या छातीएवढ्या थप्पीला उघडा पाय खेटून ते उभे होते आणि दोन्ही हातांनी ती थप्पी हलवत होते.

भरलेला डबा किलोभर वजनाचा असतो. वरचा पडला तर बोटांचा चेचा होईल. "पाय बाजूला घ्या," हे मी त्यांना दोन वर्षं सांगतेय. "पाय बाजूला घेतला तर डब्याची परीक्षा कसली, ताई?" हे ते मला दोन वर्षं सांगतायत.

हातखंब्याच्या अलीकडे आमचं छोटं आंबा कॅनिंग आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, ते गेल्यावर मी बघते. जाधवभाऊ शेजारच्या वाडीतले. अठ्ठावीस वर्षं मुंबईत पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात साचे बनवायचे. रिटायर होऊन गावी आले ते शर्टाच्या खिशात व्हर्नियर घेऊन. पत्र्याची जाडी, डब्याचा घेर मोजायची ती स्टीलची पट्टी. लोक पेन लावतात तिथे भाऊ ती लावतात. पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, यांना सारखा ताप येत असावा.

या माणसाला एक वस्तू दुसरीवर ठेवलेली दिसली की समाधान होतं आणि नुसती शेजारी ठेवलेली दिसली की अस्वस्थ व्हायला होतं. लग्नात जेवून उठले की पंगतीतले रिकामे ग्लास एकात एक घालत शेवटपर्यंत जातात. लांज्याला एका दुकानात काजूचे डबे वाकडे रचलेले दिसले, तर यांनी सगळे उतरवून परत लावले. दुकानदार म्हणाला, "काका, घ्यायचंय काय?" भाऊ म्हणाले, "घ्यायचं काय नाय. तुझी झोप नीट व्हावी म्हणून लावतोय." चहाच्या टपरीवर चहा गार होऊ देतात, आधी ग्लासाची कड मोजतात.

कुठलाही डबा, पातेलं, नवा जावई, ग्रामपंचायतीचा सदस्य दाखवा, त्यांचा प्रश्न एकच. "बसतो, पण टिकतो का?"

माझ्या धाकट्या दिरांना एकदाच भेटले. ते गेल्यावर म्हणाले, "वरनं गोल, खालनं गोल. कुठं ठेवा, घरंगळणार." मी दिरांची बाजू घेतली नाही.

त्यांच्या घरी सुमनवहिनींचे हाल वेगळे. "हे गावी आल्यापास्नं मला पातेलं सापडत नाय," त्या सांगतात. "सगळी एकमेकांच्या पोटात. मला लागतं धाकटं, ते सगळ्यात आत. चहा टाकायचा तर आधी सात भांडी बाळंत करायची."

तर असे भाऊ दोन वर्षांपूर्वी आमच्या गोदामात आले. आमचे डबे साधे, वर-खाली सारख्याच मापाचे. असे डबे कडेवर कड टेकून उभे राहतात, जरा धक्का लागला की सरकतात. म्हणून दर थराला पुठ्ठा घालायचा. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन खचतो आणि थप्पी एका बाजूला झुकते. भाऊंनी ती झुकलेली थप्पी बघितली आणि एकदम गप्प झाले. एरवी इतके बोलतात की मला ते गप्प राहणं लक्षात राहिलं. आठ दिवसांनी कागदावर डबा काढून घेऊन आले. तळ थोडा निमुळता, म्हणजे वरच्या डब्याचा तळ खालच्याच्या कडेच्या आत जाऊन बसेल. पुठ्ठा नको, दोरी नको.

त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण आता त्या कारखान्यात साच्यांचं काम बघतो. त्याच्याकडून दीडेकशे डबे करून आणले. मी म्हटलं, बघू. थप्पी लावली, भाऊंनी पाय लावला, हलवली. जागची हलली नाही. मला पटलं.

आणि पावसाळ्यानंतर थप्पी उतरवली, तर प्रत्येक झाकणावर तांबडं कडं.

झालं होतं असं. डबे उकळून, गार पाण्याच्या टाकीतून काढून, पुसून आम्ही लावतो. कडेच्या आत थोडं पाणी राहतंच. साध्या डब्यांत ते कधीतरी वाळतं. भाऊंचा डबा इतका नेमका बसला की पाणी आत कोंडून राहिलं. वर आमचा जुलै-ऑगस्ट. रस आतून चांगला होता, पण गंजलेला डबा कोण घेणार? तो रस आम्ही, आमच्या पाहुण्यांनी आणि पाहुण्यांच्या पाहुण्यांनी दिवाळीपर्यंत खाल्ला.

"डबा मुंबईचा झाला, ताई," भाऊ म्हणाले. "इथला पाऊस मी मोजलाच नाय." पुढचे कित्येक दिवस खिशात व्हर्नियर नव्हती. रिकाम्या खिशाचे भाऊ मला ओळखूच येईनात.

मग एका सकाळी आले ते न्हाणीघरातली साबणाची डबी घेऊन. ओली.

"ह्यात काय आहे?"

"साबण नाहीये," मी म्हटलं.

"साबण लादीवर ठेवून आलोय. बुडाला बघा. उंचवटे. साबण त्यावर बसतो नि खालनं वारा जातो." त्यांनी खिशावर हात मारला. व्हर्नियर परत आली होती. "डब्याच्या तळाला असे तीन टेकू काढतो. एका नाण्याच्या जाडीचे. एकदाच भरून बघा."

मी व्यवहार सांगितला. जूनमध्ये एक थप्पी लावू. पावसाळा संपत आला की उतरवू. एका जरी डब्याला गंज दिसला तर पुढच्या सीझनची ऑर्डर जुन्याच डब्यांची, आणि हा विषय कायमचा बंद. भाऊंनी मान डोलावली. पासष्टीला आलेला माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकाशाबरहुकूम साचे केले. स्वतःचा डबा हा एकच.

ती थप्पी तीन सप्टेंबरला उतरवायची होती. शेवटचं एकदा हलवून झाल्यावर भाऊ मागे सरले आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. मी एकेक डबा उचलून झाकणावर बोट फिरवत होते. पहिला स्वच्छ. दुसरा स्वच्छ. निम्म्यावर आल्यावर बायकांनीही लेबलं थांबवली. सगळ्यात खालचा थर मी चष्मा लावून बघितला. कोरडा, चकचकीत.

"गंज निघाला नाही," मी म्हटलं.

भाऊ पुढे आले. उतरवलेले डबे पुन्हा रचायला लागले.

तेवढ्यात सुमनवहिनी त्यांचं जेवण घेऊन आल्या. चपला चिखलाने भरल्या होत्या, म्हणून त्यांनी त्या दारातच काढल्या. उजव्या पायाची दोन बोटं वाकडी, एकमेकांवर चढलेली. इतक्या वर्षांत मी कधी बघितलीच नव्हती.

"वहिनी, पायाला काय झालं?"

"ते होय? जुनं आहे. तुमच्या सासऱ्यांच्या वेळचं. तुमचं लग्न नव्हतं झालं, तेव्हा मी इथं कामाला होते. पावसात पुठ्ठा खचला नि थप्पी आली पायावर."

"भाऊंना कळवलंत?"

"कळवून काय करणार होते? ते मुंबईस. शिमग्याला आले तेव्हा बघितलं. खाली बसले, माझा पाय मांडीवर घेतला नि खिशातली पट्टी काढून बोटं मोजली. एकेक. कागदावर लिहून पण घेतलं. मी म्हटलं, अहो, पाय आहे तो, पत्रा नाय."

भाऊंची थप्पी रचून झाली होती. उजवी चपल काढून त्यांनी पाय खेटला आणि हलवायला सुरुवात केली. या वेळी मी काही म्हटलं नाही.

"पाय काढा तिथनं," सुमनवहिनी म्हणाल्या. "भात गार होतोय."

भाऊंनी लगेच पाय काढला. दोन वर्षांत माझं कधी ऐकलं नव्हतं.

"बसतो," ते त्यांना म्हणाले. "नि टिकतो पण."

"बरं. जेवा आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायका यायच्या आधी मी गोदाम उघडलं. उजवी चपल काढली, पाय थप्पीला लावला आणि जोर लावून हलवली. मग चपल घातली आणि कारखान्याला फोन केला. म्हटलं, पुढच्या सीझनला सगळे डबे टेकूवाले पाठवा.