सीमेपलीकडचे हेर आइग्नर

आमचे शेजारी हेर आइग्नर (जर्मनमध्ये श्रीयुतांना हेर म्हणतात आणि श्रीमतींना फ्राऊ) ब्रेड आणायला निघाले की कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट घालतात. बेकरी शेजारच्या टालबाख गावात आहे. बसने जेमतेम पाच मिनिटं. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी मला समजावलं, "फ्राऊ केळकर, आल्झो, म्हणजे असं बघा, परदेशात कागदपत्रं जवळ असलेली बरी."

ईशान, मुक्ता, आधी तुम्हाला इथला भूगोल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. तुमचा मामा रेगेन्सबर्गच्या मोटारींच्या कारखान्यात नोकरी करतो, पण राहतो गावात, कारण शहरात भाडं परवडत नाही. आमचं गाव मूसडॉर्फ. पूर्वी मूसडॉर्फची आपली स्वतःची ग्रामपंचायत होती. हेर आइग्नर तरुण असताना सरकारने अशा छोट्या छोट्या पंचायती एकमेकींत मिसळून टाकल्या, आणि मूसडॉर्फ टालबाखला जोडलं गेलं. कचेरी तिकडे गेली, शाळा तिकडे गेली, पाठोपाठ बेकरीही गेली. बाकीचे लोक थोडे दिवस चिडले आणि मग विसरले. हेर आइग्नर विसरले नाहीत.

ते टालबाखला टालबाख म्हणत नाहीत, "तिकडे" म्हणतात. त्यांच्या लेखी तिकडचा पाऊस जास्त ओला असतो आणि तिकडच्या गाई उगाच हंबरतात. पंचायतीने पाठवलेला कचऱ्याचा डबा त्यांनी अंगणात आपल्या घराकडे पाठ करून ठेवला आहे, कारण त्यावर दोन्ही गावांची नावं आहेत आणि टालबाखचं आधी आहे. बसमध्ये मूसडॉर्फचं शेवटचं शेत मागे पडलं की ते टोपी काढतात आणि परत येताना त्याच जागी पुन्हा घालतात. मामा म्हणतो, "आई, तू त्यांच्याबरोबर बसत जाऊ नकोस, लोक बघतात." मी बसते. त्यांना थोडं इंग्रजी येतं, तरुणपणी ते अमेरिकन छावणीत वायरमन होते. माझं जर्मन अजून भाजी आणण्यापुरतंच आहे. आमचं जमतं.

आता या वर्षीची गोष्ट. इथे मे महिन्याच्या एक तारखेला प्रत्येक गाव चौकात उंच खांब उभा करतं. एखादं सरळसोट झाड तोडायचं, साल काढायची, निळे-पांढरे पट्टे रंगवायचे आणि वर हिरव्या डहाळ्यांचं कडं टांगायचं. आपल्या गुढीसारखंच, फक्त सगळ्या गावाची मिळून एक. त्याआधी काही आठवडे तो खांब कोठारात लपवून ठेवतात, कारण शेजारच्या गावाने तो चोरायचा असतो! पोलीस बोलवायचे नाहीत, असा रिवाज. ज्यांचा खांब गेला त्यांनी चोरांच्या गावात जायचं, त्यांना बिअर पाजायची, जेवू घालायचं, सगळ्यांनी मिळून गाणी म्हणायची आणि खांब परत आणायचा. मी विचारलं, "मग ही शिक्षा कसली?" हेर आइग्नर म्हणाले, "अपमान, फ्राऊ केळकर! भयंकर अपमान!" आणि त्यांचा चेहरा अगदी खुलला.

तिकडच्या चोरांचा म्होरक्या सेप नावाचा एक सुतार होता. सेपने किती वेळा खांब पळवला, यांनी त्याचा किती वेळा पळवला, हे मी इतकं ऐकलं आहे की सेप समोर आला तर ओळखेन असं मला वाटे. गेल्या हिवाळ्यात सेपचं कमरेचं ऑपरेशन झालं आणि तो टालबाखच्या वृद्धाश्रमात राहायला गेला. "भेटून आलात का?" मी विचारलं. "शत्रूला?" ते म्हणाले, आणि कुंपणाला रंग देऊ लागले. कुंपणाला रंगाची गरज नव्हती.

मार्चमध्ये पंचायतीने ठरवलं की यंदापासून खांब एकच, कचेरीसमोर. मूसडॉर्फमध्ये खांब उचलायला तरुण माणसं उरलेली नाहीत, हे खरंच होतं. हेर आइग्नर त्या सभेला गेले, उभे राहिले आणि म्हणाले, "मूसडॉर्फचा खांब मूसडॉर्फमध्येच उभा राहील. गेनाऊ, अगदी तिथेच." मग त्यांनी एकट्याने एक कोवळं झाड आणलं, सोललं, रंगवलं. खांब कसला, दोन माणसांनी सहज उचलावी अशी काठी. तो त्यांनी कोठारात ठेवला आणि पहाऱ्याला बसले.

खांब कुठे आहे हे अर्थातच गुपित असतं. ते त्यांनी मला तीनदा सांगितलं. पोस्टमनला सांगितलं. बेकरीत तर भर गर्दीत सांगितलं, "कुणाला बोलू नका हं, आमचा खांब माझ्या कोठारात आहे, आणि दाराची कडी लागत नाही." बेकरीवाली म्हणाली, "बरं. ब्रेड कापून देऊ का?"

एप्रिल संपत आला. कोणी फिरकलं नाही. मी चहा घेऊन गेले की ते स्टुलावर बसलेले असत. एकदा वाऱ्याने दार लोटलं गेलं, तर ते घाईने उठले आणि दाराला दगड लावून ते पुन्हा सताड उघडं केलं. "वेडे आहेत का हे लोक?" ते म्हणाले. "इतका चांगला खांब!" मी म्हटलं, "अहो, कोणी येत नाही हे बरंच की." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्याने चिवड्याचा डबा पुढे केला.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी दुपारची बस थांबली. बसमधून आधी एक चाकांचा वॉकर उतरला आणि मागून एक म्हातारा. तो हळूहळू आमच्या गल्लीत आला, कोठाराच्या दारात थांबला आणि खांबाकडे बघत राहिला.

"लहान आहे," तो म्हणाला.

"तिकडचा वाकडा असतो," हेर आइग्नर म्हणाले.

"मी चोरायला आलोय."

"एकटा?"

"बाकीचे मेले, हा सेप तेवढा उरलाय. चालेल का?"

मला एक नियम माहीत होता. पहारेकऱ्याचा हात खांबावर असेल तर चोरांनी निमूट परत जायचं. हेर आइग्नर खांबाला टेकूनच बसले होते आणि त्यांचा उजवा तळवा त्या निळ्या रंगावर होता. सेपनेही तो पाहिला. मग हेर आइग्नरनी हात उचलला, विजारीच्या खिशात घातला आणि मला म्हणाले, "फ्राऊ केळकर, पहारेकरी कुठे गेला हो? आळशी माणूस."

खांबाचं पुढचं टोक वॉकरच्या सीटवर बांधायला मी माझी ओढणी दिली. दोघे निघाले. पुढे वॉकर ढकलत सेप, आणि मागचं टोक खांद्यावर घेऊन हेर आइग्नर. टालबाखचा रस्ता चढाचा आहे. मी फाटकाशी उभी राहून बघत होते. सेप दम खायला थांबला की तेही थांबत. तो चालू लागला की तेही पाऊल उचलत आणि मोठ्याने ओरडत, "चोर! चोर!"