साळवे बाईंची सुटी सायकल

साळवे बाईंनी सायकलीच्या आधी सायकलीची घंटी घेतली. नेवाशाच्या बाजारातून पिशवीत टाकून आणली आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेला पायी जाताना वाटेत म्हैस आडवी आली, की पिशवीत हात घालून वाजवू लागल्या. म्हैस हलत नसे. माणसं मात्र मागं वळून सायकल शोधत.

आम्ही एकाच शाळेत शिक्षक. त्या शिवण शिकवायच्या, मी भूगोल. चर्चमागच्या भाड्याच्या खोल्यांत आमची भिंतीला भिंत. बाई पन्नाशीच्या, एकट्या, आणि बारा महिने कशावर तरी संतापलेल्या. दिवसातला पहिला संताप शेजारधर्म म्हणून माझ्या वाट्याला यायचा. शाळेत त्या पुस्तकी बोलत. चिडल्या की ती भाषा गळून पडे आणि आतली माहेरची भाषा बाहेर येई. त्यामुळं पुस्तकी भाषा मी फारशी ऐकलीच नाही.

सायकल घ्यायला त्या मला साक्षीदार म्हणून नगरला घेऊन गेल्या होत्या. दुकानदारानं लेडीज सायकलीची किंमत सांगितली. बाईंनी शेजारच्या दांडीवाल्या सायकलीची विचारली. ती कमी निघाली.

"म्हंजे दांडी काढली की भाव वाढतो?"

"बाई, लेडीज मॉडेल आहे ते."

"अवो, पन लोखंड कमी लागलंय ना हिला? मग जास्तीचे पैसे कशाचे, नसलेल्या दांडीचे? लूट हाय नुसती!"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं दांड्यांकडं बघू लागली. दुकानदार घाईघाईनं म्हणाला, "हप्त्यानं घ्या की."

"हप्त्यानं? सायकल माझ्या दारात आन् मालक तुमी? हप्त्यानंच घ्यायची तर मी घेईन, पन हप्ता कसला ते मी ठरवनार!"

म्हणजे काय, ते पुढं दीड-दोन वर्षं मी डोळ्यांनी पाहिलं. पगारातून गावाकडं पैसे धाडून जे उरेल, त्यात बाई सायकल सुटी सुटी विकत घेऊ लागल्या. दिवाळीला कॅरिअर आलं. मग सीट. ते एका कापडात गुंडाळून ट्रंकेवर ठेवलेलं असे आणि कुणाला त्यावर हातही ठेवू देत नसत. फ्रेम भंगारातून आली आणि खिळ्याला टांगली गेली. त्या नाताळात चांदणी दाराऐवजी फ्रेमला लागली. तिच्याखाली बसून आम्ही करंज्या खाल्ल्या, आणि बाईंनी मडगार्डच्या भावावरून सगळ्या जगाला शिव्या घातल्या.

शेवटी ही सामग्री आम्ही दोघांनी एसटी स्टँडजवळ लतीफभाईंच्या दुकानात नेली. लतीफभाई म्हणजे पांढऱ्या दाढीचे, जिभेचे तिखट मेकॅनिक. त्यांनी ढिगाकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाई, हिचं एक चाक एका घरान्याचं, दुसरं दुसऱ्याचं."

"तुमाला सोयरीक जुळवायची हाय का सायकल?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते थांबलंच नाही. सायकल चालू लागली, पण दर शनिवारी शाळा सुटली की बाई तिच्यासकट दुकानात हजर. वॉशर जुना घातला, तेल कमी सोडलं, ब्रेक कुरकुरतो! लतीफभाई काम करताना फसवतील म्हणून त्या इतक्या बारकाईनं बघत, की बघता बघता स्वतःच अर्ध्यामुर्ध्या मेकॅनिक झाल्या. माझ्या सायकलीचं पंक्चर त्यांनी एकदा चुलीवरचं दूध उतू जायच्या आत काढून दिलं, वर मलाच झापलं. मग मीही चिडलो.

"एवढं येतं, तर दर शनिवारी त्या म्हाताऱ्याला का छळता?"

"त्याच्या हातानं बिघडलंय. त्यानंच नीट करायचं!"

एका पावसाळ्याच्या अखेरीस लतीफभाईंना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, दुकान बंद झालं. जीभ शाबूत होती, पण घरी खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडून राहतात, कुणाशी अक्षर बोलत नाहीत, असं त्यांच्या सुनेनं बाजारात सांगितलं. बाई लालबुंद झाल्या.

"दुकान बंद करताना गिऱ्हाइकाला सांगायची रीत हाय का न्हाई? चला सर, इचारतेच त्याला!"

आजारी माणसाशी भांडायला निघालेली बाई! त्यांना आवरायला म्हणून मी सोबत गेलो. लतीफभाईंच्या घराच्या अलीकडं कोपऱ्यावर त्या थांबल्या, इकडंतिकडं पाहिलं, खाली वाकून मागच्या चाकाचा वाल सोडला आणि सगळी हवा घालवली.

"बाई, हे काय?"

"तुमी भूगोल शिकवा."

अंगणातल्या खाटेवर लतीफभाई पाठमोरे पडले होते. बाईंनी समोर सायकल उलटी केली. "पंक्चर हाय. तुमच्याच ट्यूबला." बाईंनी पदर खोचला, सुनेकडून पाण्याची बादली मागितली आणि टायर काढायला भलत्याच बाजूनं सुरुवात केली. पाना उलटा धरला. नट सोडायचा तो आवळला. पाना सटकला, बादलीवर आपटला. दूध उतू जायच्या आत माझं पंक्चर काढणाऱ्या बाई त्या ह्याच का, असा मला प्रश्न पडला.

लतीफभाईंनी मान वळवली. थोडा वेळ सोसलं.

"अवो बाई, उलटा! उलटा फिरवताय!"

"मंग तुमी सांगा की सुलटा!"

"वालाकडनं काढत्यात व्हय टायर? इतके दिवस डोक्याशी हुब्या ऱ्हायलात, काय शिकलात?"

सून पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. लतीफभाई डाव्या हातावर रेटा देऊन उठून बसले होते. बाई चुकत होत्या, ते ओरडत होते, आणि ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती. ट्यूब पाण्यात फिरवून झाली. एकही बुडबुडा आला नाही.

"पंक्चरच न्हाई हिला," लतीफभाई म्हणाले. मग बाईंकडं बराच वेळ बघत राहिले. "पुढल्या शनवारी आना. परत बघू."

चाकात हवा भरलेली असूनही परतताना बाई सायकल हातात धरूनच चालत होत्या.

"बसा की आता," मी म्हणालो.

"घरी जायची घाई कुनाला हाय?"

चर्चचं वळण आलं. तिथं त्या थांबल्या आणि माझ्यावरच चिडल्यासारख्या म्हणाल्या, "सर, नुसते काय चालताय? पुढच्या शनवारी चेन उतरवली, तर खरं वाटंल का वो त्याला?"