कुणाच्या रूमचं टेम्परेचर?

आमच्या शेजारचे बापूसाहेब अंबर्डेकर चहा पिण्याआधी त्याचा ताप बघतात. ताप हा त्यांचाच शब्द. लोक खिशाला पेन लावतात तसा ते थर्मामीटर लावतात. डॉक्टरकडचा नव्हे, प्रयोगशाळेतला, वीतभर लांब, शंभर अंशांपर्यंतचा. चहा समोर आला की तो कपात उतरतो, चष्मा कपाळावर चढतो आणि आकडा बासष्टवर येईपर्यंत खोलीत कुणी बोलायचं नाही. बासष्टला पहिला घोट. पंचावन्नच्या खाली उतरला तर तो चहा "गेला". माझी बायको सुनंदा त्यांना पहिल्यांदा चहा देऊन आत आली ती चेहरा पाडूनच. म्हणाली, "त्यांनी कपात थर्मामीटर घातला. तो आधी कुठे घातला होता ते विचारा." मी विचारलं. थर्मामीटर फक्त पेयांसाठी आहे.

बापूसाहेबांनी झाशीतल्या एका कॉलेजात तेहेतीस वर्षं फिजिक्सच्या लॅबमध्ये सहायकाचं काम केलं. आमच्या प्रेमनगरच्या वस्तीत सगळे त्यांना मास्साब म्हणतात, म्हणजे मास्तर, आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगतात, "मास्साब नहीं भैया, लैब असिस्टेंट." दूधवाला रोज सकाळी सायकलवरूनच ओरडतो, "काए मास्साब, आज कित्ती डिगरी?" त्याला दुरुस्ती आणि आकडा दोन्ही मिळतात. अंबर्डेकरांचं घराणं इकडे येऊन सात-आठ पिढ्या झाल्या. घरात मराठी टिकून आहे, पण तिच्यात हिंदीची ये-जा इतकी, की दोन्हींनी एकमेकींचे चपला-जोडे घातलेले असतात. बापूसाहेबांचं प्रत्येक वाक्य "मतलब काय, की" असं सुरू होतं आणि पुष्कळदा तिथेच थांबतं.

मी मूळचा साताऱ्याकडचा. फौजेत होतो, शेवटचं पोस्टिंग इथून जवळच्या बबीन्याच्या छावणीत झालं आणि निवृत्तीनंतर झाशीतच घर केलं. फौजेत मी क्लार्क होतो. आयुष्यात गोळ्यांपेक्षा टाचण्या जास्त हाताळल्या. पण बापूसाहेबांच्या लेखी फौजी म्हणजे युद्ध आणि दारू या दोन विषयांतला जाणकार. युद्धाबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही. दारूबद्दल विचारलं, आणि इथून माझे हाल सुरू झाले.

त्यांचा मुलगा निखिल अमेरिकेत असतो. दीड वर्षापूर्वी त्याची आई, आमच्या मालूताई, गेल्या. तेव्हा तो येऊन पंधरा दिवस राहिला. परत गेल्यावर वर्षभरानं, गेल्या मे महिन्यात, त्यानं एका मित्राच्या सामानातून वडिलांना बर्बनची, म्हणजे तिकडच्या व्हिस्कीची, एक बाटली पाठवली. संध्याकाळी एकटे बसता, थोडी घेत जा, असं त्याचं म्हणणं. बापूसाहेबांनी आयुष्यात आल्याच्या रसापलीकडे काही झणझणीत प्यायलेलं नव्हतं. पण मुलानं पाठवलं म्हटल्यावर त्यांनी गल्लीत ज्याला त्याला सांगितलं, "निखिलनं अमेरिकेहून बोरबन पाठवलं."

संध्याकाळी नऊ माणसं जमली. सगळी चहाच्या वेळेला, कारण बोरबन म्हणजे चॉकलेटी, मधे क्रीम असलेलं, वरती साखर लावलेलं बिस्किट, हे उभ्या हिंदुस्थानला ठाऊक आहे. सुनंदानं तर जाताना डबाही नेला होता. बापूसाहेबांनी बाटली टेबलावर ठेवली तेव्हा समोरच्या दुबे भाभींनी पदर सावरला आणि विचारलं, "इसमें डुबो के खाते हैं क्या?" पाहुणे चहा पिऊन गेले. मी मागे राहिलो. बाटली मोठी होती, काच जाड होती, रंग मधासारखा होता, आणि मी फौजी होतो.

"उघडू या?" मी म्हटलं.

"थांबा जी. निखिलची सूचना आहे." त्यांनी मोबाईल पुढे केला. मेसेज होता: 'बाबा, बॉटल मिल गई ना? बस, अब चिल करो.'

बापूसाहेबांनी त्याप्रमाणे बाटली उचलून फ्रिजमध्ये ठेवली, देवाच्या दुधापासून वीतभर अंतरावर. वर कागद चिकटवला: 'निरीक्षण चालू. हात लावू नये.' रविवारी सकाळी निखिलचा फोन आला तेव्हा त्यांनी अहवाल दिला, की बाटली चिल केली आहे, सध्या चार अंश. निखिल तिकडे जवळजवळ रडला. म्हणाला, "बाबा, फ्रिज में नहीं! बर्बन रूम टेम्परेचरवर पितात."

"मग चिल कर असं तूच लिहिलंस ना?"

"चिल म्हणजे आराम करा, बाबा. टेन्शन नका घेऊ."

"मतलब काय, की बाटलीनं आराम करायचा का मी?"

हे मिटायला वेळ लागला. मिटलं तेव्हा बापूसाहेबांच्या हाती दुसरा प्रश्न लागला होता, आणि तो पहिल्याहून वाईट होता. रूम टेम्परेचर म्हणजे कुणाच्या रूमचं? त्या दिवशी त्यांच्या बैठकीत त्रेचाळीस होते. बाटली बाहेर काढून तासभर ठेवली असती तर ती पिण्यापेक्षा तिनं शेकता आलं असतं. अमेरिकेतली खोली वेगळी, झाशीतली वेगळी, आणि झाशीतसुद्धा मे महिन्यातली वेगळी. "आकडा सांगा," ते मला म्हणाले. "रूम वगैरे नको. आकडा."

मी म्हटलं, आकडा बिकडा राहू द्या, आम्ही पलटणीत रम थंडीत गरम पाण्यातून घ्यायचो आणि उन्हाळ्यात मिळेल तशी. उघडा, बर्फ घाला, प्या. त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. म्हणाले, "पहिला घोट एकदाच येतो. तो चुकला, तर दुसऱ्याला पहिला म्हणता येत नाही."

पुढचे सहा महिने मी या वाक्याखाली काढले.

आधी ते मला घेऊन सदर बाजारातल्या दारूच्या दुकानात गेले. भर दुपारी, ऑटोनं, खिशाला थर्मामीटर. गल्ल्यावरच्या माणसाला त्यांनी विचारलं, की ठंडी करके पीनी चाहिए या नहीं, और ठंडी मतलब कितनी. मागे रांग वाढत होती. तो माणूस हात जोडून म्हणाला, "मास्साब, हम तो बेचत हैं, पियत नइयाँ." बापूसाहेबांनी त्यालाही लॅब असिस्टेंट असल्याचं सांगितलं आणि आम्ही परत आलो. वाटेत ते म्हणाले, "प्रामाणिक माणूस आहे." मला मात्र रांगेतले दोघे ओळखीचे निघाले होते आणि सुनंदाला काय सांगायचं याची चिंता होती.

मग प्रयोग सुरू झाले. बाटलीला थर्मामीटरसकट ओलं फडकं गुंडाळून ती कूलरसमोर स्टुलावर बसवली. जूनमध्ये त्या घरी जाणाऱ्या माणसाला घाम पुसत कोपऱ्यात बसावं लागे, कारण वाऱ्याची जागा बाटलीची. एकदा मी स्टूल दोन बोटं सरकवून पाहिलं, तर बापूसाहेब आतून म्हणाले, "सत्तावीस होते, एकोणतीस होतील." जुलैमध्ये एका संध्याकाळी गेलो तर टेबलावर दोन पेले भरलेले, तोच मधाळ रंग. मला वाटलं, झालं, माणूस शुद्धीवर आला. न विचारता एक उचलला आणि अर्धा घशाखाली घातला. गार, बिनसाखरेचा, कोरा चहा होता. "बाटलीऐवजी मोजायचा नमुना होता तो," बापूसाहेब हळहळले. "आता पुन्हा भरावा लागेल." घोट माझा वाया गेला होता, आणि हळहळ नमुन्याबद्दल.

या सगळ्याचा वृत्तांत दर रविवारी निखिलला जायचा. तोही काहीतरी नवीन काढायचा. कधी म्हणे तिकडे लोक दगड गार करून पेल्यात टाकतात. बापूसाहेबांनी बेतवा नदीकाठचे गोटे आणून धुतले. कधी म्हणे पेला आधी हातात धरून बसतात. बापूसाहेबांनी स्वतःच्या हाताचा ताप घेतला, मग तुलनेसाठी माझ्या हाताचा.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि नोव्हेंबरात झाशीला ते आठ-दहा दिवस आले, ज्यांत कूलरही लागत नाही आणि रजईही. मी शेंगदाणे तळून घेऊन गेलो. बैठकीत बावीस होते.

"आज," मी म्हटलं.

"मतलब काय, की खोली बावीस आहे. बाटली चोवीस आहे."

मी शेंगदाण्यांसकट घरी आलो. माझा पारा किती चढला होता ते मोजायला त्यांना बोलवायला हवं होतं. त्याच दिवशी मी माझ्या जुन्या कर्नलसाहेबांना मेसेज पाठवला. ते देशोदेशी राहिलेले, खाण्यापिण्याचे शौकीन. शनिवारी त्यांचं उत्तर आलं, स्वच्छ, फौजी. अठरा ते वीस अंश. फ्रिज नाही, बर्फ नाही. दोन थेंब पाणी. बस.

रविवारी सकाळी नऊच्या आधी मी बापूसाहेबांच्या दारात हजर. पुन्हा शेंगदाणे, पुन्हा उमेद. ते टेबलापाशी बसले होते, समोर मोबाईल. मी उभ्या उभ्याच निकाल वाचून दाखवला. माणूस उडी मारेल अशी माझी अपेक्षा होती.

"हळू बोला जी," ते म्हणाले.

"का? कोण ऐकतंय?"

"मला ठाऊक आहे हे. अठरा ते वीस."

"केव्हापासून?"

"मेपासून. नेटवर सगळं असतं. चिल झालं, त्याच दुपारी बघितलं."

मला राग आला. सहा महिने मी घामानं निथळत कोपऱ्यात बसलो होतो, कोरा चहा प्यायलो होतो, दारूच्या रांगेत ओळखला गेलो होतो. मी दोन-चार शब्द बोललोही. ते टेबलाकडे बघत म्हणाले, "मालू होती तेव्हा फोन ती घ्यायची. तास-तास चालायचं त्यांचं. मी मागून म्हणायचो, मी बरा आहे सांग. ती गेली, मग निखिल मला फोन करू लागला. बाबा, बरे आहात? बरा आहे. गोळ्या घेतल्या? घेतल्या. पुढे काय बोलायचं ते ना त्याला येत, ना मला. एक मिनिट चाळीस सेकंद. चिलच्या दिवशी तेवीस मिनिटं झाली. आता तुम्हीच सांगा, बाटली उघडली, चांगली आहे म्हटलं, तर पुढच्या रविवारी मी त्याला काय सांगू?"

भिंतीपलीकडे राहून इतके महिने मी फक्त बाटलीकडे बघत होतो, याची मला लाज वाटली. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, सुनो," निखिल घाईघाईनं म्हणाला, "मी पण थर्मामीटर आणला. माझ्या रूममध्ये एकोणीस आहे."

"एकोणीस?" बापूसाहेब ताठ झाले. "एवढ्या थंडीत राहतोस? खिडकी कुठल्या बाजूला आहे तुझी?"

खिडकी उत्तरेला होती. तिच्यातून हवा येत होती. हीटर जुना होता आणि मधूनच बंद पडायचा. खालच्या मजल्यावर एक म्हातारी होती, ती याला सूप आणून द्यायची. मुलाला तिकडे जाऊन अकरा वर्षं झाली आणि त्याची खिडकी कुठल्या बाजूला आहे हे वडिलांना आज कळत होतं. खिडकीला कागदाच्या पट्ट्या कशा लावायच्या, ते बापूसाहेबांनी सविस्तर सांगितलं. निखिलनं लिहून घेतलं.

मग निखिल म्हणाला, "काका आहेत ना तिथे? काका, आप फौजी आदमी हैं. आज फायनल सांगून टाका. किती झालं आता."

बापूसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना रागावलेलं, वैतागलेलं, रडतानाही पाहिलं होतं, घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. माझ्या मोबाईलवर कर्नलसाहेबांचा मेसेज उघडाच होता. मी तो बंद केला.

"टेम्परेचरचं बघू रे सावकाश," मी म्हटलं. "पण पेल्याचं काय ठरलंय तुमचं? काचेचा की स्टीलचा? स्टील ओठाला आधीच गार लागतं. मग आकडा धरायचा कुणाचा, आतल्याचा की पेल्याचा?"

निखिल हळूच म्हणाला, "अरे हाँ. ये तो सोचा ही नहीं. बाबा, आईचे ते उभेवाले पेले आहेत का अजून? ज्यात ती पन्हं द्यायची?"

"आहेत ना," बापूसाहेब उठले, फोन हातात धरून कपाटाकडे निघाले. "थांब, काढून बघतो. एकाला पोचा आहे, तो तूच पाडला होतास, आठवतं का..."

मी माझे शेंगदाणे उचलले आणि आवाज न करता बाहेर पडलो. घरी सुनंदानं विचारलं, "मिळाली का एकदाची?"

मी म्हटलं, "नाही. पेल्याचं ठरायचंय अजून. त्यांच्याकडे उभे सहा आहेत आणि बसके चार, होळीपर्यंत तरी काळजी नाही."