इंदूचा आराखडा

बसा मुलांनो, मागच्यांनी पुढे सरका. एका जंगलात एक शाळा होती, आणि त्या शाळेला तिच्याहून मोठी एक समिती होती. नाव ‘शालेयोत्तर दिव्यांग जीवन नियोजन समिती’. ते पुरतं म्हणेपर्यंत सशाचं एक बीळ खोदून होई.

शाळेत इंदू नावाची पाणमांजराची पोर शिकत होती. ती जन्मापासून आंधळी. आता गढूळ पाण्यात कुठल्याच पाणमांजराला काही दिसत नाही. पाणी हललं की मिशांना मासा कळतो. इंदूला तो इतरांपेक्षा लवकर कळे. तिच्या मिशा कधी डोळ्यांची वाट बघत बसल्या नव्हत्या.

त्या वर्षी तिची शाळा संपली. माघात नदी आटू लागली की पाणमांजरांची टोळी खालच्या मोठ्या डोहाकडे जाई. टोळीची म्होरकी गोजाक्का. तिने इंदूला पाण्यात पारखलं आणि सांगितलं, “पौर्णिमेला सकाळी निघू. उशीर केलास तर थांबणार नाही. मी कुणासाठीच थांबत नाही.”

‘कुणासाठीच’ हा शब्द इंदूला फार आवडला.

बाकीच्या पोरांची शाळा सुटली म्हणजे सुटली. इंदूला सुटायला मंजूर आराखडा लागत होता. त्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय कुंपणाबाहेर पाय टाकायचा नाही. इंदूची आई नियमाने वागणारी. तिने समितीकडे अर्ज केला.

समिती डोंगराच्या माथ्यावर बसे. दिव्यांगांचे प्रश्न उंचावरून नीट दिसतात, असं अध्यक्ष गवासाहेबांचं मत होतं. मायलेकी धापा टाकत वर पोचल्या.

गवासाहेबांनी आईला विचारलं, “हिला काय आवडतं?”

“मासे,” इंदू म्हणाली.

गवासाहेब आईकडेच बघून हसले. “खायला नव्हे हो. करायला.”

“मासे धरायला,” इंदू म्हणाली.

सचिव साळिंदरबाईंनी अंगावरचा एक काटा उपटला, टोक चाटलं आणि लिहिलं : विशेष आवड नाही.

“अहो, ती बोलली की,” आई म्हणाली.

“ऐकलं हो ताई. पण त्याला रकाना नाही. या मुलांसाठी आपल्याकडे मेणबत्त्या आहेत.”

मेणबत्त्यांचं असं होतं, मुलांनो. त्या जंगलात विस्तवाला सगळेच भीत. तरी समितीच्या केंद्रातली मुलं वर्षभर मेणबत्त्या ओतत. दिवाळीत प्रदर्शन भरे. प्रत्येक जनावर एकेक मेणबत्ती घेई आणि डोळे पुसत घरी जाई. आजवर त्यातली एकही पेटली नव्हती.

“मंजुरी कधी मिळेल?” आईने विचारलं.

“पुढची बैठक फाल्गुनात.”

“टोळी माघात जाते,” इंदू म्हणाली.

“पुढच्या वर्षीही जाईल,” गवासाहेब आईला म्हणाले. “घाई कशाला? सगळं आयुष्य पडलंय तिच्यापुढे.”

उतरताना आई म्हणाली, “माझ्यामागे तुझं कोण बघणार, याचंच मला वाटतं.”

“मग त्यांनी काय सांगितलं?”

“मेणबत्त्या.”

आई इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, “खाली नदीपाशी कुंपण संपतं. पाण्यात खुंट रोवता येत नाहीत त्यांना.”

पौर्णिमेच्या सकाळी इंदू टोळीत होती.

“ही आंधळी ना गं?” एका पाणमांजराने गोजाक्काला विचारलं.

“माशाने विचारलं तर सांग त्याला,” गोजाक्का म्हणाली आणि तिने बुडी मारली.

फाल्गुनात बैठक भरली. आराखडा एकमताने मंजूर झाला. चौदा पानं, वर शिक्का. लाभार्थी तेवढी नव्हती.

“गेली कुठे?” गवासाहेबांनी विचारलं.

“मोठ्या डोहावर, साहेब. मासे धरते म्हणे. स्वतःचं भागवून आईलाही पाठवते.”

“प्रशिक्षणाशिवाय?” गवासाहेबांना वाईट वाटलं. मग त्यांनी शेपटीने एक माशी हाकलली. “असो. अहवालात लिहा, समितीच्या मार्गदर्शनामुळे लाभार्थी स्वावलंबी झाली.”

“आणि हा आराखडा?”

“मंजूर कागद वाया घालवायचा नाही. बाहेर कोण आहे?”

बाहेर तीन पायांची भेकराची पोर आईबरोबर बसली होती. ती डोंगर चढून आली होती. काय सांगायचं ते तिने वाटेत तीनदा म्हणून पाहिलं होतं.

साळिंदरबाईंनी इंदूचं नाव खोडून वर तिचं लिहिलं. “आत दृष्टिदोष म्हटलंय, साहेब. हिचा पाय आहे.”

“राहू द्या. आवडीचं काय लिहिलंय?”

“विशेष नाही.”

“मग जुळतंय की,” गवासाहेब म्हणाले. “बोलवा तिच्या आईला आत.”

तात्पर्य : दिव्यांग मुलाच्या भवितव्याची आखणी नेहमी तज्ज्ञांच्या समितीकडूनच करून घ्यावी. आखणी चालू असते तोवर समिती गुंतून राहते, आणि मुलाला तेवढ्यात निघून जायला सवड मिळते.