बाकीची हजेरी

रोज पाच वाजले की आमच्या कार्यालयातले राऊतकाका कॉम्प्युटरसमोर ताठ बसून हजेरी घ्यायचे. समोर चिटपाखरू नाही. पडद्यावरचं एकेक नाव खणखणीत पुकारायचे आणि ‘हजर’ही स्वतःच म्हणायचे. शेवटचं नाव नेहमी ‘बुधवारी’. त्याला मात्र हजर म्हणत नसत. मला वाटायचं, वार सांगतायत. पण सोमवारीही बुधवारीच!

दोन हजार सोळा साली मी तलासरीत मुलींच्या एका वसतिगृहाच्या कार्यालयात लागले, तेव्हाची ही गोष्ट. प्रवेशाचे अर्ज स्कॅन करून टाकले की पुढचं काम आपोआप व्हायचं. नियमात बसणारे अर्ज यादीत चढायचे, उरलेले ‘बाकी’ नावाच्या फोल्डरमध्ये पडायचे. त्या फोल्डरकडे कोणी ढुंकून पाहत नसे. काका हजेरी घ्यायचे ती त्याचीच.

“कोंड्यात दाणा असतोच, बाय,” हे त्यांचं पालुपद. घर घोलवडला, भावांची चिकूची वाडी. पेट्या भरताना गाळलेले वेडेवाकडे चिकू ते पिशवीतून आणायचे आणि आम्हाला खायला लावायचे. “नापास आहे. खाऊन मग बोल!” खरं सांगते, पेटीतला चिकू मला तसा गोड कधी लागला नाही.

यादी लागायच्या आदल्या दुपारी एक बाप दारात उभा राहिला. लांबच्या पाड्यावरचा. “सायेब, माझे पोरीचा नाव लागला का? नाय लागला तं तिची शाळा सुटल.” यादीत मुलगी नव्हती. त्याला बाकावर बसवून काकांनी ‘बाकी’ उघडलं. लांबच्या पाड्यांवरचे अर्ज त्याच दुपारी त्यात येऊन पडले होते.

“शनवारी. सोमवारी. शुक्रवारी...”

मला हसू फुटलं. “काका, आठवडा वाचताय का?”

काका हसले नाहीत. सरळ मुंबईला फोन लावला, प्रणाली बसवणाऱ्या साहेबांना. साहेब म्हणाले, नावाच्या रकान्यात ‘वार’ आला की ती नोंद गाळायची, असा नियमच घातलाय. तारीख चुकून तिथे पडलेली असते ना!

“अवो, वार नाय ती, पोर आहे!” काका ओरडले. “आमच्याकडं शनवारी जन्मली तर शनवारीच नाव ठेवतात!”

तासाभरात नियम काढला. अकरा मुली यादीत आल्या, आणि त्यांच्यामागून, आडनावातल्या ‘वार’मुळे गळलेली एक पवारही. शनवारीचा बाप हात जोडून गेला. एवढी शिकलेली यंत्रं, आणि दाणा दिसला तो या एका माणसाला.

“तुम्हाला कसं कळलं हो?”

काका चष्मा पुसत बसले. “माझी बायको बुधवारी. लहानपणी तिला शाळेत नेली, तर मास्तर म्हणाले, नाव सांग, वार नको. पोरं हसली. ती पुन्हा गेलीच नाय. जन्मभर मला म्हणायची, मला एकदा हजेरीत घ्या ना. मी हसण्यावारी नेलं. आता तीन वर्षं झाली तिला जाऊन.”

पाच वाजले. काका ताठ बसले. त्या दिवशी फोल्डरमध्ये एकही वार उरला नव्हता, तरी शेवटी त्यांनी पुकारलं, “बुधवारी.”

मला राहवेना. मी म्हणाले, “हजर.”

काकांनी मान खाली घातली आणि बराच वेळ पडदा बंद केला नाही.